साहेब, गाडी बाजूला घ्या

पहाटे ४.४५

गजर व्हायच्या आधीच जाग येते. नायगावच्या पोलीस वसाहतीत या वेळेला चार खिडक्यांत तरी दिवे असतात. ह्यांनी चहा ठेवलेला असतो आणि रात्रीच इस्त्री केलेला पांढरा शर्ट खुंटीवर लटकत असतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसाचा शर्ट पांढरा, पँट खाकी. दुपारी दोनपर्यंत त्या शर्टाची कॉलर काळी पडते. ती घासून काढायला घरात वेगळा ब्रश ठेवलेला आहे.

मी शिपाई म्हणून भरती झाले, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला बसून कायद्याची पदवीही घेतली. निवृत्तीआधीची शेवटची वर्षं वाहतुकीत काढली. हा दिवस मार्च २०२३ मधला आहे, अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू असतानाचा. त्या दिवसाच्या वेळा मी माझ्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. खात्याची नोंद वेगळी आणि माझी वही वेगळी.

डब्यात पोळी, मेथीची भाजी, कांदा. पाण्याच्या दोन बाटल्या. मोठा रुमाल. दादरवरून चर्चगेटची गाडी.

सकाळी ६.३०

चौकीसमोर हजेरी. नाव पुकारलं की 'हजर', मग पॉइंटचं वाटप. एरवी हे दहा मिनिटांत उरकतं, पण अधिवेशनाच्या दिवसांत जास्त वेळ जातो. विधानसभेचे २८८ सदस्य आणि विधान परिषदेचे ७८. शिवाय मंत्र्यांचे ताफे, सचिव, पत्रकार, गावाकडून निवेदनं घेऊन आलेली माणसं आणि आझाद मैदानाकडे निघालेले मोर्चे. हे सगळं नरिमन पॉइंटच्या त्या चार-पाच रस्त्यांवर सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात येऊन पडतं. अकराला सभागृहाची घंटा होते आणि प्रत्येकाला घंटेच्या आधी आत पोचायचं असतं.

वाटप झाल्यावर एका शिपायाने हात वर केला. माणदेशातला मुलगा, वाहतुकीत बदलून येऊन आठवडाच झालेला. म्हणाला, "मॅडम, आमदारांची गाडी सिग्नल तोडून चालली तर हात करायचा का?"

कोणीच हसलं नाही. जुन्या हवालदारांनी खाली बघितलं, कारण हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो आणि हजेरीत तो कोणी विचारत नाही. मला त्या मुलाचं फार कौतुक वाटलं. मी त्याला शेवटी थांब म्हटलं नाही, सगळ्यांसमोरच सांगितलं.

संविधानाचा अनुच्छेद १९४ राज्याच्या विधिमंडळासाठी आहे, संसदेसाठी तसाच १०५. त्यात सदस्याला सभागृहात बोलण्याचं स्वातंत्र्य दिलंय. तिथे तो जे बोलेल, जे मत देईल, त्यासाठी त्याला कुठल्याही न्यायालयात खेचता येत नाही. हे संरक्षण फार मोठं आहे आणि ते असलंच पाहिजे. आपल्या गावच्या आमदाराने एखाद्या बड्या कारखानदाराचं नाव सभागृहात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर खटला पडला, तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल? दुसरं संरक्षण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३५-अ मध्ये आहे. पैशाच्या, वसुलीच्या, दिवाणी कामात सदस्याला बैठकीच्या काळात आणि तिच्या आधी-नंतर चाळीस दिवस अटक होत नाही. यातला 'दिवाणी' हा शब्द नीट लक्षात ठेवा, म्हटलं. फौजदारी गुन्ह्याला ही सवलत नाही. फौजदारी कामात सदस्याला अटक झालीच तर आपण सभागृहाच्या अध्यक्षांना किंवा सभापतींना ताबडतोब कळवायचं असतं: कुठलं कलम, काय कारण, कुठे ठेवलंय. आणि विधान भवनाच्या आवारात त्यांच्या परवानगीशिवाय अटक करायची नाही. कळवणं वेगळं, परवानगी मागणं वेगळं. रस्त्यावर परवानगी लागत नाही.

"मग मोटार वाहन कायद्यात?" त्याने विचारलं.

"रुग्णवाहिका आहे, अग्निशमन आहे. आमदार नाही."

कलम १३० सांगितलं: गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं तर चालकाने लायसन दाखवायचं. कलम १३२ सांगितलं: गणवेशातल्या फौजदाराने किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने थांब म्हटलं तर चालकाने गाडी थांबवायची. दोन्ही कलमांत शब्द 'चालक' आहे. मागे कोण बसलंय, हे कायदा विचारत नाही. आणि चलान म्हणजे अटक नव्हे. जे संरक्षण अटकेपुरतं आहे, ते दंडाच्या पावतीला लावायचं कसं? शिवाय संरक्षण असलंच तर ते सदस्याच्या अंगाला आहे. त्याच्या ड्रायव्हरला, त्याच्या गाडीला, पुढच्या सीटवर बसलेल्या कार्यकर्त्याला ते पोचत नाही.

एवढं बोलायला मला सात मिनिटं लागली. इन्चार्ज साहेब बाजूला उभे राहून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "भाषा मात्र नीट ठेवा रे." ते त्यांचं बरोबरच होतं. पॉइंटवर निम्मं काम भाषेवर निभावतं.

सकाळी ८.००

मंत्रालयाजवळचा एक सिग्नल. या तासात विशेष काही नसतं. समुद्राकडून वारा येतो, ऑफिसची गर्दी नुकती सुरू होते, चर्चगेटहून माणसांची रांग झपझप चालत येते. मी ई-चलानचं मशीन तपासून घेतलं, बॅटरी भरलेली होती. २०१६ पासून हे मशीन आलं आणि आमच्या कामातली एक मोठी गोष्ट बदलली. पूर्वी पावतीपुस्तक असायचं. पावती फाडायची म्हणजे माणसाशी पाच-दहा मिनिटं हुज्जत, आणि तेवढ्या वेळात कुणाचा तरी फोन यायचा. आता नंबर टाकला, फोटो काढला, कलम निवडलं, झालं. मालकाच्या मोबाईलवर मेसेज जातो. एकदा बटण दाबलं की मला ते परत घेता येत नाही, हे मला या मशीनमधलं सगळ्यात आवडतं. 'मॅडम, राहू द्या ना' याला मी खरंखुरं उत्तर देऊ शकते: साहेब, आता माझ्या हातात नाही.

सकाळी ९.३०

ताफे सुरू. कंट्रोलवरून वॉकीटॉकीवर सूचना येत राहतात. मंत्र्याच्या ताफ्यासाठी रस्ता मोकळा करायचा आदेश आला की तो पाळायचा. तो सुरक्षेचा भाग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण होते ती ताफ्याच्या शेपटीची. पायलट गाडी, मंत्र्याची गाडी, सुरक्षेची गाडी गेली, की त्यांच्यामागे चिकटून तीन-चार खाजगी गाड्या सुळकन सिग्नल पार करतात. काचेवर गोल स्टिकर, मधोमध अशोकस्तंभ. यातले काही खरे सदस्य असतात. काहींच्या गाडीत सदस्याचा भाचा असतो, तर काहींच्या गाडीत सदस्याशी काहीच नातं नसलेला माणूस. राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराला बंदी घालणारा २००५ चा कायदा आहे, तरी ती स्टिकरं चिकटवली जातातच. १ मे २०१७ पासून लाल दिवे उतरले, तेव्हा मी फार आनंदले होते. पुढच्या काही महिन्यांत काचांवरची स्टिकरं मोठी होत गेलेली मी पाहिली.

सकाळी १०.२२

पांढरी मोठी गाडी. सिग्नल लाल होऊन पाच-सहा सेकंद झालेली, झेब्रावर माणसं उतरलेली. एक बाई लहान मुलाचा हात धरून अर्ध्यात होत्या. गाडी त्यांच्या पुढ्यातून गेली. मुलाच्या दप्तराला तिचा आरसा घासला की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. बाईंनी मुलाला मागे ओढलं ते मात्र मी पाहिलं.

मी पुढच्या लेनमध्ये उतरून हात केला. शिट्टी. गाडी थांबली. पुढे वाहनं साचली होती, म्हणूनही थांबली असेल.

"साहेब, गाडी बाजूला घ्या."

ड्रायव्हरने काच चार बोटं खाली केली. "मॅडम, आमदारसाहेब आहेत."

"जय हिंद साहेब," मी मागच्या बाजूला बघून सॅल्यूट केला. काचेला काळी फिल्म होती. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर फिल्म लावायला सरसकट बंदी घातली, त्याला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. त्यामुळे मी सॅल्यूट अंदाजानेच केला. "लायसन दाखवा."

पुढच्या सीटवरचा तरुण खाली उतरला. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. "ओ मॅडम, स्टिकर दिसत नाही का? अकराला सभागृह आहे. साहेबांची लक्षवेधी लागलीय."

"म्हणूनच लवकर करते. दोन मिनिटं."

"हक्कभंग आणू तुमच्यावर. कळतंय का?"

त्याने एक फोन माझ्यापुढे धरला. घ्या, बोला. माझा एक नियम आहे, पॉइंटवर मी दुसऱ्याच्या फोनवर बोलत नाही. पलीकडे कोण आहे हे मला कळायला मार्ग नसतो, आणि जे कोणी असतील त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर कंट्रोल आहे, माझा स्वतःचा नंबर आहे. तेच सांगितलं. आवाज चढवला नाही. मशीनवर नंबर टाकत राहिले. नंबर टाकताना बोटं कापत होती हे खरं आहे, आणि ते त्या तरुणाला दिसू नये म्हणून मी मशीन पोटाशी धरलं होतं.

तेवढ्यात मागची काच पूर्ण खाली आली. आत पन्नाशीचे गृहस्थ. मांडीवर कागदांचा गठ्ठा, वरच्या पानावर लाल पेन्सिलने ओळी अधोरेखित केलेल्या. कुठल्या तरी पाणीपुरवठा योजनेचं होतं. रात्री जागून वाचलेलं असावं, डोळे तसे दिसत होते. ते काही बोलले नाहीत. मला त्या कागदांकडे बघून खरंच वाटलं की यांनी अकराच्या आत पोचलं पाहिजे. ज्या गावाचं पाणी त्या कागदात आहे, त्या गावाने यांना एवढ्यासाठीच पाठवलंय.

पण त्यांच्या खांद्याशी सीटबेल्ट तसाच लोंबत होता.

"साहेब, पट्टा लावा."

त्यांनी पट्टा ओढला आणि खाली चाचपलं. खोबणी सापडेना. त्यांनी कागद बाजूला ठेवले, पुन्हा चाचपलं. मी दार उघडायला सांगितलं आणि आत वाकून पाहिलं. गाडीला नवीन सीट कव्हर घातलेलं होतं आणि पट्ट्याची खोबणी त्या कव्हरच्या खाली दाबली गेली होती. ड्रायव्हरने येऊन कव्हरची शिवण उचकटली, आत बोटं घालून ती बाहेर ओढली. खोबणीवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. म्हणजे गाडी घेतल्यापासून त्या सीटवर कोणीच पट्टा लावला नव्हता. त्यांनी प्लास्टिक नखाने काढलं आणि पट्टा लावला.

"करा तुमचं काम," ते मला म्हणाले. त्या पूर्ण वेळात ते एवढंच बोलले.

सिग्नल, काळी फिल्म, आणि कलम १९४-ब. या शेवटच्या कलमात लिहिलंय की प्रवाशांनी पट्टा लावलेला नसताना जो त्यांना गाडीतून नेतो तो दंडाला पात्र. म्हणजे इथेही चालकच. सदस्याचं नाव माझ्या मशीनमध्ये कुठेच आलं नाही. १०.२६ ला गाडी सुटली.

सकाळी १०.३०

पॉइंटवर उभी राहिले, पण मन त्या खोबणीपाशीच होतं.

३ जून २०१४ ला मी दुसऱ्या विभागात होते. सकाळी बातमी आली, दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली आणि ते गेले. केंद्रात मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. विमानतळाकडे निघाले होते आणि मागच्या सीटवर बसले होते. आमच्या चौकीत मराठवाड्यातले दोन हवालदार होते, त्यांना त्या दिवशी काम सुधरलं नाही. १४ ऑगस्ट २०२२ ला विनायक मेटे, विधान परिषदेचे माजी सदस्य, मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी रातोरात मुंबईकडे येताना द्रुतगती मार्गावर पहाटे गेले. दोघंही बीडचे. त्याच वर्षी सप्टेंबरात सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात गेले, तेही मागच्या सीटवर. त्यानंतर नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्या सीटवरचा पट्टाही सक्तीचा करायचं आमच्या खात्याने ठरवलं.

लोकप्रतिनिधी जेवढा रस्त्यावर असतो तेवढा क्वचितच कोणी असतो. मतदारसंघ, मुंबई, नागपूर, लग्नं, दहावे, सभा, रात्रीचे प्रवास. ड्रायव्हरला झोप नाही, आणि वेळ पाळायची म्हणून गाडी १३० ने. अशा माणसाला कायद्याने खरंच थोडं जास्त जपायला हवं. ते जपणं म्हणजे सिग्नलला सोडून देणं असं जेव्हा कोणी मला सांगतं, तेव्हा मला राग येत नाही, काळजी वाटते. त्या दिवशी दप्तर पाठीला लावलेलं पोर अगदी काही बोटांनी वाचलं. मागे बसलेले साहेबही रोज तेवढ्याच फरकाने वाचत असणार.

सकाळी ११.१०

अपेक्षित फोन आला. वरिष्ठांचा. ते वाईट माणूस नव्हेत, मुलीच्या लग्नात माझ्या घरी येऊन जेवून गेलेले.

"मॅडम, अधिवेशन चालू आहे. कशाला अंगावर घेता?"

"सर, सिग्नल तोडला होता. झेब्रावर मूल होतं."

"ते ठीक आहे. पण हक्कभंगाचं म्हणतायत ते लोक."

हक्कभंग या शब्दाची आमच्या खात्यात किती धास्ती आहे, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. सदस्याला सभागृहातलं त्याचं काम करण्यापासून कोणी अडवलं, तर सभागृहाने आपल्या अधिकारात त्याला जाब विचारायचा, हा त्याचा अर्थ. अधिकाऱ्याला सभागृहापुढे उभं राहावं लागतं, नोकरीवर सावट येतं. चार मिनिटांच्या चलानाने सभागृहाचं काम अडत नाही, हे मला ठाऊक होतं आणि सरांनाही. तरी त्यांच्या आवाजात भीती होती, आणि ती भीती उगाच नव्हती.

"सर, वेळ लिहून ठेवलीय. १०.२२ ते १०.२६. कॅमेऱ्यात असेल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "बरं. रिपोर्ट लिहून ठेवा."

दुपारी १.००

डबा चौकीत. पंखा एकच, तो भिंतीकडे तोंड करून फिरतो. मेथीची भाजी गार झालेली. माणदेशी पोरगा समोर येऊन बसला. सकाळचं सगळं त्याच्या कानावर गेलेलं. म्हणाला, "मॅडम, ते सी लिंकचं काय झालं होतं?"

मार्च २०१३. तेव्हाही अधिवेशनच होतं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका आमदाराची गाडी वेगासाठी अडवली गेली. जागेवर वादावादी झाली, ती चित्रीकरणात आली. दुसऱ्या दिवशी त्या अधिकाऱ्याविरुद्ध सभागृहात हक्कभंगाचा विषय निघाला. तो अधिकारी त्या दिवशी विधान भवनात गेला होता, आणि तिथेच, जिथे आम्हीसुद्धा परवानगीशिवाय कुणाला हात लावू शकत नाही, त्याला मारहाण झाली. वेगवेगळ्या पक्षांच्या पाच आमदारांना निलंबित केलं गेलं, दोघांना अटकही झाली. काही दिवसांत त्या अधिकाऱ्यालाही निलंबित केलं गेलं.

मी त्याला हे सगळं सांगितलं, शेवटचं वाक्यसुद्धा. त्याच्यापासून ते लपवायला नको होतं. रस्त्यावर अधिकाऱ्याने काय भाषा वापरली, आमदाराने काय वापरली, यावर तेव्हा खूप बोललं गेलं, आणि त्या वादात मी जाणार नाही. पण मला एक गोष्ट तेव्हापासून सलते. एवढं सगळं झालं, तरी 'रस्त्यावर सदस्याला अमुक सवलत आहे, तमुक नाही' असं एक साधं पान काढून प्रत्येक चौकीच्या भिंतीवर लावावं, असं कुणाच्या मनात आलेलं मी तरी पाहिलं नाही. मी स्वतः वहीत लिहून ठेवलं, म्हणून मला माहीत.

"पण मॅडम, कोर्ट काय म्हणतं?"

त्यासाठी मी त्याला केरळचं सांगितलं. मार्च २०१५ मध्ये तिथल्या विधानसभेत अर्थसंकल्पाच्या वेळी काही आमदारांनी मोडतोड केली, खुर्च्या, माइक, संगणक. पुढे सरकार बदललं आणि तो खटला मागे घ्यायचा प्रयत्न झाला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मागे घेऊ दिला नाही. विशेषाधिकार हे सर्वसाधारण कायद्यातून सुटायचं दार नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. सभागृहाच्या आत, भर बैठकीत मोडलेल्या खुर्चीला संरक्षण नाही. मग बाहेरच्या चौकातल्या सिग्नलला कुठून असेल? (पुढे मार्च २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन यांच्या प्रकरणात याच्याही पुढे जाऊन सांगितलं की मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्यालाही विशेषाधिकाराचं छत्र नाही. त्या दिवशी अर्थात हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं.)

त्याने पोळीचा घास हातात तसाच धरून ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे."

"कायदा झेब्रावरच्या बाईंच्या बाजूने आहे. आपण मधे उभे असतो."

दुपारी ३.३०

ऊन. डांबराची धग बुटातून वर येते. एक काळी-पिवळी डाव्या बाजूची लेन सोडून उजवीकडे वळली. हात केला. टॅक्सीवाले चाचा, सत्तरीकडे झुकलेले, इथे रोज उभे असतात. लायसन काढून देता देता म्हणाले, "मॅडम, सकाळी ती पांढरी गाडी अडवली होती ना तुम्ही? मी मागेच होतो."

"हो."

"पावती फाडली?"

आता पावती फाटत नाही, तरी सगळे तसंच विचारतात. मी मशीन त्यांच्यापुढे केलं. नंबर दाखवला नाही, फक्त त्या वेळेची ओळ आणि तीन कलमं. त्यांनी चष्मा वर करून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"मग माझी पण करा," म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही, दिवसभराच्या धंद्याचं रडगाणं सांगितलं नाही. वाहतुकीतल्या माझ्या सगळ्या वर्षांत चलान स्वतःहून मागणारा माणूस मला त्या एकाच दिवशी भेटला. पहिल्यांदाच चुकलेले दिसत होते, म्हणून मी त्यांना समज देऊन सोडू शकले असते. पण त्यांनी जे मागितलं होतं ते मला समजलं होतं. चलान केलं.

संध्याकाळी ६.१५

सभागृह उठलं. सकाळी जे आत गेले ते सगळे एकदम बाहेर पडतात, आणि त्यात मंत्रालय सुटलेलं. हा तास फक्त हाताने चालतो, सिग्नल कोणी बघत नाही. ती पांढरी गाडी पुन्हा गेली. काचेची फिल्म तशीच होती, त्यामुळे आत पट्टा लावलाय का हे दिसलं नाही. सिग्नलला मात्र ती उभी राहिली, पुढची गाडी सुटेपर्यंत.

त्यांची लक्षवेधी लागली का, हे मी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शोधलं. सापडलं नाही.

रात्री ८.३०

अंघोळ करून बसले तोवर भाच्याचा व्हिडिओ कॉल. तो अॅरिझोनात चँडलरला असतो, तिथे तेव्हा सकाळचे आठ, तो ऑफिसला निघायच्या तयारीत. मावशी दमलेली का दिसते, म्हणून त्याने विचारलं आणि मी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, इथे तर हे राज्यघटनेतच आहे."

मला आधी खरं वाटलं नाही. मग त्याने पाठवलं ते वाचलं. अॅरिझोना १९१२ मध्ये राज्य झालं, तेव्हापासून त्यांच्या घटनेत आहे की देशद्रोह, गंभीर गुन्हा आणि शांतताभंग सोडून इतर बाबतीत विधिमंडळाच्या सदस्याला अटक होणार नाही. मार्च २०१८ मध्ये तिथल्या पार्कर गावाजवळ पॉल मोसली नावाच्या प्रतिनिधीची गाडी अडवली गेली. मर्यादा ताशी ५५ मैल, गाडी ९७ ला. म्हणजे आपल्या हिशेबाने ८८ च्या रस्त्यावर १५६. त्याने विशेषाधिकार सांगितला, कधी कधी १४० मैलांनीही चालवतो असंही सांगितलं, आणि अधिकाऱ्याने त्याला जाऊ दिलं. जुलैत ते चित्रीकरण लोकांपुढे आलं. गव्हर्नर डग ड्यूसी यांनी राज्य पोलिसांसाठी आदेश काढला, आणि मोसली त्याच ऑगस्टमध्ये आपल्याच पक्षातल्या उमेदवारीच्या निवडणुकीत पडला.

गंमत म्हणून नव्हे, पण मला त्या अधिकाऱ्याचं दुःख समजलं. त्याच्या घटनेत निदान एक ओळ होती, तिच्यामुळे त्याचा हात थांबला. आणि त्या ओळीलाही एक खरं कारण होतं. जानेवारी १६४२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला शिपाई घेऊन थेट सभागृहात शिरला होता. राजाने आपल्या विरोधातल्या माणसाला वाटेतच उचलायचं, म्हणजे तो मतदानाला पोचत नाही, ही भीती खरी होती. म्हणून वाटेवर अटक नको, हा हक्क. मी दोनच मिनिटं मागते, मुद्दाम अडवून ठेवत नाही, ते याच कारणाने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच देशाच्या घटनेतल्या तशाच ओळीचा अर्थ लावला होता की त्या तीन शब्दांत सगळे फौजदारी गुन्हे येतात, उरतं ते फक्त दिवाणी अटकेपुरतं. म्हणजे आपल्या १३५-अ पाशीच येऊन ते थांबतं.

आपल्याकडे ती ओळसुद्धा नाही. तरी हात थांबतो. "मावशी, मग तुमच्याकडे का सोडतात?" भाच्याने विचारलं. फोन येतो म्हणून, मी म्हटलं.

रात्री ९.४०

वहीत नोंद केली. वेळ, ठिकाण, कलमं, कोण काय बोललं, मी काय बोलले. मी काय बोलले ते अधिक काळजीपूर्वक लिहिलं. मशीन चार्जिंगला लावून आले होते की नाही, याची उगाच शंका आली. लावलं होतं.

चौकीच्या ग्रुपवर दुसऱ्या दिवसाच्या पॉइंटचं वाटप आलं. माझं नाव माझ्या सिग्नलपुढे नव्हतं. तीन चौक पलीकडे, गोदीच्या बाजूला, जिथे दिवसभर फक्त ट्रेलर जातात. कारण लिहिलेलं नव्हतं, तसं ते कधीच लिहीत नाहीत. ह्यांनी माझ्या खांद्यावरून मेसेज वाचला आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवलं, रात्री पावणेदहाला.

माझ्या जागी कोणाचं नाव आहे ते पाहत होते, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"मॅडम, झोपला नाहीत ना? उद्या तिथे मी आहे."

"हो, बघितलं."

"ते सकाळचं परत एकदा सांगाल का? आकडे विसरलो मी."

"१९४ संविधानाचा. १३५-अ दिवाणी संहितेचं. मोटार वाहनाचं १३० लायसनसाठी. १३२ मध्ये फौजदार लागतो, तेव्हा तू स्वतः हात केलास तर लगेच जवळच्या साहेबांना बोलाव, आणि तोवर १३० वर थांब. मागच्या सीटचं १९४-ब. आणि गाडीपाशी गेलास की पहिल्यांदा..."

"थांबा मॅडम, एक मिनिट. पेन घेतो."